टीचरचं नॉकिंग

मी निवृत्त भूगोल-शिक्षक आहे, त्यामुळे कुमासीतल्या क्वादासोचा चढ किती उभा आहे हे मला कुणी सांगायला नको. तरी त्या सकाळी माझी गाडी त्या चढावर धापा टाकत रांगायला लागली, तेव्हा शेजारून पायी जाणाऱ्या प्रत्येकाने मला ते सांगितलं. डोक्यावर केळ्यांची पाटी घेतलेली एक बाई गाडीला मागे टाकून पुढे गेली. जाताना खिडकीत वाकून म्हणाली, "टीचर, घाई असेल तर चला माझ्याबरोबर." ती माझीच विद्यार्थिनी. शाळेत तिने नकाशावर कुमासी शहर कायम समुद्रात काढलं, आणि आज ती मला रस्ता दाखवत होती.

गाडीत माझ्यासमोर एक पिवळा दिवा लागला होता. त्यावर इंजिनाचं चित्र असतं. तो बरेच दिवस लागलेलाच होता, पण माझा समज असा की गाडीत इंजिन आहे एवढंच तो सांगतोय, आणि ते मला माहीत होतंच.

टेमाला असलेल्या माझ्या मुलीला, प्रिसिलाला, मी हे फोनवर सांगितलं आणि चूक केली. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका ना ती. एकटा माणूस, जाणार कुठे? डोग्बे अंकलचा पुतण्या कधीचा मागतोय." पुतण्या मागत होता हे खरं. आणि महिनाअखेर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवाना संपत होता हेही खरं. पिवळा दिवा विझल्याशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय गाडी नाही, आणि गाडी नसली तर माझ्या उजव्या हाताची, ड्रायव्हरशेजारची ती सीटही नाही (आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो).

त्या सीटवर सेर्वा बसायची. माझी बायको. तिचे वडील मालाची लॉरी चालवायचे आणि ही भावंडं मागे रताळ्यांच्या पोत्यांवर बसायची. मागून ड्रायव्हरला ऐकू जायचं नाही, म्हणून फळीवर ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की चल. सेर्वाने ती सवय माझ्या गाडीत आणली. उभ्या संसारात तिने मला एकदाही 'हळू चालवा' म्हटलं नाही. मी वेगात निघालो की अंगठीचं बोट डॅशबोर्डवर एकदाच ठोकायची, आणि माझा पाय आपोआप उचलला जायचा. ती गेल्यापासून गाडी बहुतेक आंब्याच्या झाडाखाली उभी असते. मी रविवारी चर्चला नेतो आणि परत आणून लावतो. मग दाराचं कुलूप काढतो आणि "आगो!" म्हणतो. आमच्याकडे दारात उभं राहून 'आगो' म्हणायचं, आतून 'आमे' आलं की आत जायचं. आतून काही येत नाही. तरी मी जरा थांबतो, आणि मग परक्याच्या घरात शिरावं तसा शिरतो.

असो. गाडीबद्दल सांगत होतो.

पहिलं निदान शेजारच्या मिस्टर डोग्बेंनी केलं. डोग्बे कस्टममधून निवृत्त झाले, पण कस्टम त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कुणाच्याही पिशवीत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना त्या माणसाशी बोलता येत नाही. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाणी." मी टाकी रिकामी केली, दुसऱ्या पंपावरून भरली. दिवा तसाच.

दुसरं निदान आंटी मान्साचं. ती समोरच्या कोपऱ्यावर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेले मासे विकते. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोण रडलं हे तिला कढईपाशी बसल्या बसल्या कळतं. "टीचर, नजर लागलीय. इतके दिवस उभी गाडी, लोक बघतात." तिने चर्चमधलं मंतरलेलं तेल आणलं आणि बॉनेटवर ओतलं. दिवा तसाच, आणि बॉनेटवर एक डाग पडला तो अजून आहे. त्यावर ती म्हणते की डाग पडला म्हणजे लागू पडलं.

मग मी थेट परवान्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, कायद्याने दिवा चालत असेल तर आपण कशाला काळजी करायची? खिडकीतल्या साहेबाने विचारलं, "दिवा का लागलाय?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून या."

डोग्बे म्हणाले, "वेडे आहात. काळी पट्टी चिकटवा. कस्टममध्ये आम्हाला अर्ध्या गोष्टी दिसायच्या नाहीत." मी पट्टी चिकटवली आणि परत गेलो. साहेब गाडीत बसला, नखाने पट्टी सोलली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "टीचर, मी कॉपी करताना सापडलो होतो, तेव्हा तुम्ही मला झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं होतंत." आणि त्याने मला बाहेरच्या आवारात उन्हात उभं केलं, रांग संपेपर्यंत. या देशात शिक्षकाचा मान अजून शिल्लक आहे असं म्हणतात. मला तो त्या दिवशी आवारात तरी कुठे दिसला नाही.

शेवटी सुआमे मॅगझिन, आमची गॅरेजवाल्यांची वस्ती. कुमासीतली प्रत्येक गाडी आयुष्यात एकदा तरी तिथे जातेच, आणि काही गाड्या तिथून तुकड्यातुकड्यांनी परत येतात. माझा फिटर मास्टर फुसेनी. त्याच्या बोलण्यात इतकी खात्री असते की तो चुकतो तेव्हासुद्धा आपल्याला पटतं. "प्लग!" म्हणाला, आणि प्लग बदलले. "कॉइल!" म्हणाला, आणि कॉइल बदलली. तिसऱ्या खेपेला त्याने शेजाऱ्याकडून तपासायचं यंत्र उसनं आणलं, गाडीला जोडलं आणि तोंड पाडून म्हणाला, "नॉक."

आमच्याकडे 'इंजिन नॉक झालं' म्हणजे इंजिन गेलं, कायमचं. मी तिथल्या एका टायरवर बसलो.

"मेलं?"

"मेलं कशाला, टीचर! बहिरं झालंय. नॉक सेन्सर गेलाय. तो इंजिनाचा कान."

त्याने समजावून सांगितलं. इंजिनाच्या आत कधी कधी ठकठक होते. ती या कानाला ऐकू आली की इंजिन लगेच स्वतःला आवरतं, जरा दमानं घेतं. कान गेला की इंजिनाला काही कळेनासं होतं. मग ते घाबरून सारखं दमानंच चालतं. जोर लावत नाही, चढ चढत नाही.

मी मान हलवली. तो गाडीबद्दल बोलत होता, पण मला मात्र माझ्याबद्दलच कुणीतरी यंत्र लावून सांगितल्यासारखं वाटलं.

"शनिवारी घरी येतो," फुसेनी म्हणाला. "सेन्सर आणतो, तिथेच बसवू. दिवा विझला नाही तर नाव बदलीन." त्याने नाव आधीही एकदा बदललेलं आहे, असं मला नंतर कळलं.

कान नसलेल्या गाडीने कसाबसा घरी पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी गावात जायला ट्रोट्रोत बसलो. ती आमची ठासून भरलेली व्हॅन. तेवढ्यात प्रिसिलाचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता म्हणून मी ओरडून बोललो. आता आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती' असा भेद नाही, दोघांना एकच शब्द. त्यात मी गाडीबद्दल बोलतो ते माणसाबद्दल बोलावं तसंच. तीही सेर्वाचीच सवय. शिवाय, एका शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. मुलाकडची माणसं मुलीच्या घरी पहिल्यांदा मागणी घालायला जातात, त्यालाही आमच्याकडे 'नॉकिंग'च म्हणतात. दार ठोठावायचं, बाटल्या ठेवायच्या, मुलगी मागायची.

ट्रोट्रोतल्या सर्वांनी जे ऐकलं ते असं:

"नॉकिंग! अगं, नॉकिंग! शनिवारी... हो, घरीच... जुनं गेलं ते गेलं, आता रडून काय उपयोग? त्याच्याशिवाय चढ चढवत नाही मला... नाही, नवंकोरं कुठून मिळणार या वयात? आधी कुणाकडे राहिलेलं असलं तरी चालेल... बेल्जियमचं आहे म्हणे... हो, तिकडे लोक सोडून देतात... कान चांगले असले म्हणजे झालं!"

माझ्या मागच्या सीटवर मासे आणायला निघालेली आंटी मान्सा होती. मला ते कळलं नाही. मला एवढंच कळलं की संध्याकाळी माझ्या दारात "आगो!" आलं.

किती दिवसांनी! मी इतक्या जोरात "आमे!" म्हणालो की माझंच मला विचित्र वाटलं. मान्सा झाकलेलं ताट घेऊन उभी होती. "खा, टीचर. अंगात जरा भर हवी. शनिवारी ना?"

"तुला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? बेल्जियमचं ना? टिकेल का इकडच्या हवेत?"

"मास्टर म्हणतो टिकेल. तिकडचा माल चांगला असतो."

मान्साने तोंडावर हात घेतला. "आणि आधीच्याने का सोडलं?"

"त्याचं सगळंच मोडीत निघालं असेल. त्यातून हे एवढं चांगलं उरलं."

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका सुट्या भागासाठी बाई रडते, हे बघून मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

त्यानंतर रोज कुणीतरी येऊ लागलं. डोग्बे आले आणि गंभीरपणे म्हणाले, "बोलणं मी करणार. तुम्ही गप्प बसायचं. अशा कामाला माणूस एकटा जात नसतो." मला भरून आलं. फिटरशी घासाघीस करायला इतका मोठा माणूस! चर्चमधून दोन काका आले, आम्हीही शनिवारी येतो म्हणाले. कुणीतरी अंगणातलं गवत कापून गेलं. मी रोज चार-चार वेळा "आमे" म्हणत होतो. रात्री झोपताना मनात यायचं, एका सेन्सरपायी माणसं इतकी जवळ येतात, तर गाडीतलं सगळंच का बिघडत नाही?

शनिवारी सकाळी फुसेनी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता, तेव्हा फाटक उघडलं. डोग्बे पांढऱ्या शुभ्र वस्त्रात. मागे दोन्ही काका, तशाच वस्त्रात. एकाच्या हातात श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या, रिबीन बांधलेल्या. मान्साने केसांना ते कापड बांधलं होतं जे ती फक्त लग्नात बांधते. मला वाटलं, हे सगळे कुठल्या तरी समारंभाला निघालेत आणि वाटेत माझ्या गाडीला बघायला थांबलेत.

एवढ्यात टॅक्सी थांबली आणि आंटवी उतरला. सेर्वाचा धाकटा भाऊ, मांपोंगला असतो. बहिणीच्या अंत्यविधीनंतर त्याने ना फोन केला होता, ना मी. एकमेकांचा आवाज ऐकला की ती आठवणार, म्हणून दोघेही गप्प. तो मयतीला नेसायचं काळं-लाल वस्त्र नेसून आला होता. लग्नाच्या मागणीला निघालेल्या लोकांमध्ये ते वस्त्र! मान्सा किंचाळली.

"आकोन्ता!" तो गरजला. आकोन्ता म्हणजे मेहुणा. तो मला म्हणतो, मी त्याला म्हणतो. "बहिणीची जागा भरायला निघालास, आणि मला केंकेवालीच्या मावसबहिणीकडून कळावं? बेल्जियमची बाई? नवऱ्याने टाकलेली?"

"कुठली बाई?"

"कान चांगले असलेली!"

मला हळूहळू, एकेक शब्द करून, सगळं उलगडत गेलं. ट्रोट्रो. मान्सा. नॉकिंग. मी फुसेनीच्या हातातला तेलकट सेन्सर घेतला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांपुढे धरला. नटबोल्टाएवढी वस्तू, मध्ये भोक.

"ही," मी म्हणालो. "ही बेल्जियमची."

डोग्बेंनी वाकून बघितलं, सवयीने उलटीही करून बघितली. मग मान्साला हसू फुटलं, आणि काकांना, आणि फुसेनीला तर काहीच माहीत नसताना सगळ्यांत जास्त. मीही हसलो. पण मला दिसत होतं, आता हे सगळे बाटल्या उचलतील आणि घरी जातील. उद्या दारात कुणी 'आगो' म्हणणार नाही. खरं सांगतो, एक क्षण वाटलं, बेल्जियमला एखादी बाई असती तर बरं झालं असतं.

आंटवी मात्र हसला नाही. तो आंब्याच्या मुळावर जाऊन बसला, त्या काळ्या-लाल वस्त्रात.

फुसेनीने सेन्सर बसवला. गाडी सुरू केली. दिवा तसाच. "अशक्य!" फुसेनी म्हणाला, आणि चिडून आतलं आणखी काहीतरी काढलं, त्याच्या मागे हात घातला. त्याने हात घालायला आणि एका उंदराने बाहेर उडी मारायला एकच गाठ पडली. उंदीर डोग्बेंच्या पांढऱ्या वस्त्रात शिरला. कस्टममध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाने झडती कशी घेतली जाते हे त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः अनुभवलं. काकांनी बाटल्या वाचवल्या, डोग्बेंना कुणी वाचवलं नाही.

फुसेनीने आतून घरटं काढलं. सेन्सरची तार कुरतडून पार तुटलेली. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, तार बघा," तो म्हणाला. असं त्याने कधीही म्हटलं नव्हतं.

"टीचर, गाडी उभी ठेवलीत आणि बघा, कुणी संसार मांडला," मान्सा म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. घरटं सीटच्या कापसाचं होतं, आणि निळ्या कापडाच्या चिंध्यांचं. सेर्वा काच पुसायला तिच्या जुन्या डोक्याच्या रुमालाचा तुकडा समोरच्या खणात ठेवायची. तो खण मी ती गेल्यापासून उघडला नव्हता.

आंटवी उठून आला. त्याने चिंधी बोटात धरली. "हा मी आणला होता तिला," तो म्हणाला. "टाकोराडीहून."

फुसेनीने तार जोडली आणि गाडी सुरू केली. "आता ऐकू येतंय का बघू," म्हणत त्याने पाना घेतला आणि इंजिनाच्या अंगावर ठोकलं, ठक ठक ठक, आणि वर ओरडला, "आगो!" इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, अगदी कुणी मान वळवून ऐकावं तसा. "आमे!" सगळे एका सुरात ओरडले. पुन्हा ठोकलं, पुन्हा आवाज खाली. दिवा विझला. डोग्बेंनी, अजून एका हाताने वस्त्र झटकत, बाटली उघडली. आणलेली बाटली बंद परत नेत नसतात म्हणाले, आणि इंजिनाच्या नावाने थोडी जमिनीवर सांडली.

मग मान्साला कढई आठवली. काकांना चर्च आठवलं. डोग्बे आंघोळीला गेले. फुसेनी हत्यारं गोळा करून गेला. अंगण रिकामं झालं, इतकं पटकन की मला फाटक लावायचंही भान राहिलं नाही.

"स्टेशनवर सोड मला," आंटवी म्हणाला. "मांपोंगची ट्रोट्रो तिथून मिळते."

तो पुढे बसला. उजव्या हाताच्या सीटवर. आजपर्यंत मी तिथे कुणाला बसू दिलं नव्हतं, साध्या पिशवीलाही नाही. काय बोलावं कळेना. म्हणून मी गाडी हाणली. क्वादासोच्या चढावर केळ्यांच्या पाटीवाली दिसली, तिला मागे टाकलं. गाडी आता जोरात होती. उतारावर मी अजून दाबली. लवकर स्टेशन यावं, लवकर हा उतरावा, आणि मी लवकर घरी जाऊन एकदाचं एकटं व्हावं, एवढंच डोक्यात होतं.

ठक.

डॅशबोर्डवर, एकदाच. बोटाच्या पेराने.

माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी हळू झाली, रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. मी समोर बघत राहिलो. आंटवीही समोरच बघत होता. त्याचा हात अजून डॅशबोर्डवर होता आणि त्याच्या गालावरून पाणी येत होतं. तो पुसत नव्हता.

"तीच आम्हाला मारायची," तो म्हणाला. "लॉरीत. चुकीचं ठोकलं की."

"मला कधी मारलं नाही."

"तू चुकीचं ऐकलं नसशील."

मागून एका ट्रोट्रोवाल्याने भोंगा वाजवला, शिव्या घातल्या आणि आम्हाला वळसा घालून पुढे गेला. स्टेशन समोरच दिसत होतं.

"आकोन्ता," मी म्हणालो, "मांपोंग तसं फार लांब नाही. भूगोलाच्या दृष्टीने."

आंटवीने स्टेशनकडे बघितलं. मग त्याने डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं, आणि मी गाडी स्टेशनवरून सरळ पुढे नेली.